तूट कोणाच्या खात्यावर?

आदरणीय मॅडम,
मी सांगली जिल्ह्यातला. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करून आता पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय साखर कारखान्यातल्या मोजमापांचा. वडील ऊस लावतात. दर हंगामात घरी एकच वाद असतो, काटा बरोबर होता का आणि उतारा, म्हणजे उसातून निघालेली साखर, खरा किती टक्के. मामा सीए आहेत. त्यांच्याशी बोलताना वाटलं, माझा मटेरियल बॅलन्स, म्हणजे आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या मालाचा हिशोब, आणि त्यांचा ताळेबंद हे एकच आहे. हॉस्टेलवरचा मित्र क्रिप्टोग्राफीत संशोधन करतो. आकडा उघड न करताही तो खरा आहे हे सिद्ध करता येतं, हे त्याने मला कागदावर करून दाखवलं. तेव्हापासून तिन्ही जोडून काही करावं, एवढंच डोक्यात आहे. गाइड म्हणतात, "तीन विहिरी अर्ध्या खणशील, पाणी एकीलाही लागायचं नाही." कॉमर्सचे प्राध्यापक म्हणाले, हा आमचा विषय नाही. मित्राच्या गाइडना यात नवं गणित दिसत नाही. आई विचारते, हे शिकून नोकरी कुठे? गाइडचं ऐकून गप्प बसू की हट्ट धरू?
– अ.

प्रिय अ.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते.

तुझे गाइड विहिरींबद्दल बोलले ते खरं आहे आणि ते तू मनावर घे. विहीर एकच खणायची. पण कुठे खणायची हे ठरवताना, जिथे तिघांचे बांध एकत्र येतात तो कोपरा निवडता येतो. तुझ्या पत्रात तो कोपरा आहे, तुला अजून तो नीट दिसलेला नाही. "तिन्ही जोडून काही करावं" हा संशोधनाचा प्रश्न नव्हे. प्रश्न मिळाला की जोडणी आपोआप होते.

शिकवायला लागण्याआधी मी काही हंगाम एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. रोजचा रिपोर्ट लिहायचा म्हणजे उसातून आलेली साखर एका बाजूला मांडायची आणि पोत्यात गेली ती, बगॅसमध्ये (रस काढून उरलेल्या चोथ्यात) गेली ती, प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) आणि मळीत गेली ती दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू कधीच जुळत नाहीत. जे उरतं त्याला सगळे अननोन लॉस म्हणतात. बऱ्या चाललेल्या कारखान्यात तो उसाच्या ०.१ टक्क्याच्या आसपास असतो. त्या वर्षी जानेवारीत तो चढायला लागला. ०.१५ झाला, मग ०.२५, मग ०.३. वरिष्ठ म्हणाले, "मळीचा पोल जरा वर धर, बसतो आकडा." पोल म्हणजे लॅबमध्ये मोजलेलं साखरेचं प्रमाण. मी बसवला. चार दिवस बसवला.

पाचव्या रात्रपाळीला राहवलं नाही. कंडेन्सरमधून येणारं पाणी परीक्षानळीत घेतलं, अल्फा-नॅप्थॉलचे दोन-चार थेंब टाकले आणि नळी तिरकी धरून कडेकडेने सल्फ्युरिक अॅसिड सोडलं. अॅसिड जड, ते तळाशी बसतं. पाण्यात साखर नसेल तर वर पाणी, खाली अॅसिड, मध्ये काही नाही. त्या रात्री दोघांच्या मधोमध गडद जांभळी कडी उमटली. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉडीत, म्हणजे शेवटच्या भांड्यात, रस वाजवीपेक्षा वर उकळत होता आणि वाफेबरोबर साखर उडून पाण्यात चालली होती. चार दिवस मी जी साखर मळीत दाखवत होते, ती कंडेन्सरच्या पाण्याबरोबर तळ्यात जात होती.

हे एवढ्या तपशिलाने सांगते, कारण तुझा सगळा विषय त्या जांभळ्या कडीत आहे. न जुळणारा आकडा ही माहिती असते. ती बसवून टाकली की माहिती मेली. तूट किती, ती कुठून आली, ती कोणाच्या खात्यावर पडली आणि हे सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा, या चार प्रश्नांतले पहिले दोन तुझ्या शाखेचे, तिसरा तुझ्या मामांचा आणि चौथा तुझ्या मित्राचा.

आता "माझा मटेरियल बॅलन्स आणि मामांचा ताळेबंद एकच" या वाक्याकडे येते. ते नातं जुनं आहे. लाव्हाझिए हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमध्ये सरकारसाठी करवसुली करणाऱ्या खासगी मंडळीचा भागीदार होता. त्याच कारणावरून १७९४ मध्ये त्याला गिलोटिनवर जावं लागलं. आत काय आलं, बाहेर काय गेलं, हे तोलून लिहिण्याची त्याची सवय १७८९ मधल्या त्याच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात पानोपानी दिसते. प्रक्रियेआधी जेवढं द्रव्य तेवढंच नंतर, हे तत्त्व तो ज्या प्रकरणात मांडतो, ते प्रकरण साखर आंबवून अल्कोहोल होण्याचं आहे. साखर किती, पाणी किती, यीस्ट किती. मग अल्कोहोल किती, कार्बन डायऑक्साइड किती, याची कोष्टकं आहेत तिथे. आज आपल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत तेच चालतं.

पण "एकच" म्हणताना घाई करू नकोस. "जुळलं" या शब्दाचा अर्थ तिघांचा तीन तऱ्हेचा आहे. मामांच्या वहीत जमा-नावे पैशापर्यंत जुळायला हवं. नाही जुळलं तर रात्रभर बसून चूक शोधतात. मित्राच्या गणितात शेवटचा बिटही चुकून चालत नाही, एक बिट इकडचा तिकडे झाला की ठसा (हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली छोटी खूण) पूर्ण वेगळा. आणि तुझ्या प्लांटमध्ये, अगदी पैशापर्यंत जुळलेला बॅलन्स कोणी आणून दिला तर तू आधी संशय घेशील, कारण फ्लोमीटर, काटा, साखर मोजणारा पोलारिमीटर, प्रत्येकाची स्वतःची चूक असते आणि खरा बॅलन्स त्या चुकांएवढा हलतोच. तुझ्या शाखेने या हलण्याचं शास्त्र केलं. १९६१ मध्ये क्यून आणि डेव्हिडसन यांनी मोजमापं वस्तुमानाच्या नियमात बसतील अशी कमीत कमी कशी दुरुस्त करायची हे मांडलं. तिथून सुरू झालेल्या डेटा रिकन्सिलिएशनवर आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या शंकर नरसिंहन यांनी आयुष्यभराचं काम केलं आहे. ते तू वाचलं असशीलच. नसेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ते वाच.

म्हणजे गाठ इथे आहे: दोन बाजू कधीच तंतोतंत जुळणार नाहीत हे मान्य करून, किती फरक माफ आणि किती फरकाला जाब विचारायचा, ही मर्यादा कोणी ठरवायची, कशी ठरवायची, आणि ती पाळली गेली हे कारखान्याचे कागद उघडे न करता शेतकऱ्याला कसं पटवायचं? हा एक प्रश्न आहे, एका ओळीत मावतो, आणि तिघांपैकी कोणालाही एकट्याने सुटणार नाही.

असं काम याआधी कोणी केलंय का, असं तुझे गाइड विचारतील. केलंय, आणि फार गंभीर कारणासाठी केलंय. वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना हा मुळात केमिकल इंजिनिअरिंगचा कारखाना: नायट्रिक अॅसिड, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन, टाक्या, पाइप. आपल्या ट्रॉम्बेला असा प्लांट १९६४ मध्ये उभा राहिला. जगभर अशा ठिकाणी जो माल हिशोबात लागत नाही त्याला एमयूएफ म्हणतात, साखर कारखान्याच्या अननोन लॉसचा हा सख्खा भाऊ. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ८ किलो प्लुटोनियम ही चिंतेची मात्रा धरते. जपानात रोक्काशो इथल्या कारखान्याचा आराखडा वर्षाला ८०० टन इंधनाचा, त्यातून साधारण ८ टन प्लुटोनियम. मोजणीत १ टक्का चूक धरली तरी ८० किलो होतात. मीटर कितीही चांगला आणा, नुसत्या मोजणीने "चोरी झाली नाही" असं म्हणता येत नाही. म्हणून तिथल्या लोकांना संख्याशास्त्र आणावं लागलं, सील आणि कॅमेरे आणावे लागले.

इंग्लंडात सेलाफील्डच्या अशाच एका, थॉर्प नावाच्या प्लांटमध्ये २००५ मध्ये काय झालं ते मुळातून वाच. एक पाइप तुटून ८३ घनमीटर द्रव बंद खोलीच्या तळाशी साठला होता, त्यात सुमारे २० टन युरेनियम आणि १६० किलो प्लुटोनियम. गळती कित्येक महिने चालू होती. आतल्या उपकरणांनी दिलेल्या खुणांकडे कोणी नीट लक्ष दिलं नाही. शंका आली ती मालाच्या हिशोबातल्या तुटीवरून, मग कॅमेरा आत सोडला. आणि तुटलेला पाइप होता हिशोबाच्याच टाकीचा: वजन करता यावं म्हणून ती टाकी टांगलेली होती, ढवळताना हलायची, त्या हलण्याने धातू थकला. मोजण्यासाठी केलेली सोयच तुटीचं कारण झाली. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते.

क्रिप्टोग्राफी इथे कुठून आली? अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेत गुस्ताव्हस सिमन्स हे गणिती अणुचाचणी बंदीच्या पडताळणीवर काम करत होते. आपलं भूकंपमापक यंत्र समोरच्या देशाच्या जमिनीत पुरायचं. त्या देशाने आकडे बदलू नयेत ही आपली काळजी. यंत्र आकड्यांच्या आडून हेरगिरी करत नाही ना, ही त्यांची काळजी. म्हणजे संदेश त्यांना वाचता यायला हवा, पण खोटा करता येता कामा नये. यातून सही-शिक्क्याचं एक वेगळंच गणित निघालं, १९८३ चा त्यांचा एक निबंध त्यातलाच. तुझ्या वडिलांचा प्रश्न हाच आहे, अ. मापयंत्र समोरच्याच्या अंगणात आहे. काटा कारखान्याच्या केनयार्डात, म्हणजे उसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या आवारात, उभा आहे.

आता त्या काट्याकडे आणि उताऱ्याकडे जवळून बघू. इथे मी तुला एक हिशोब करून दाखवते, कारण तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण यातून निघेल असं मला वाटतं.

२०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, आणि वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये. समज १०० टन ऊस आला आणि त्याची ११ टन साखर झाली. उतारा ११. दर टनाला ३,६४९ रुपये, एकूण ३ लाख ६४ हजार ९००. आता समज काट्याने २ टन खाल्ले. कागदावर ऊस ९८ टन, साखर तीच ११. उतारा झाला ११.२२. दर टनाला ३,७२२ च्या आसपास गेला आणि ९८ ने गुणलं तर एकूण पुन्हा ३ लाख ६४ हजार ७०० च्या वर! दोन दशांशांपर्यंत धरल्यामुळे शे-दीडशे रुपये इकडेतिकडे, एवढंच. (कोणत्या हंगामाचा उतारा धरायचा हा वेगळा वाद आहे, तो इथे बाजूला ठेवते.)

अर्थ लक्षात आला? साखर खरी लिहिली तर नुसता काटा मारून कारखान्याच्या एकूण देण्यात काहीच वाचत नाही. वाचवायचं असेल तर दुसरं खोटं लिहावं लागतं, साखरेच्या किंवा लॅबच्या वहीत. आणि दुसरं खोटं लिहिलं की तिसरं लागतं. ऊस अधिक इंबिबिशनचं (उरलेला रस निघावा म्हणून चोथ्यावर सोडलेलं) पाणी बरोबर मिश्र रस अधिक बगॅस, हे गिरणीचं मूळ समीकरण तुला पाठ असेल. पुष्कळ कारखान्यांत बगॅस तोलत नाहीत, वजाबाकीने काढतात. १०० ऊस, ३० पाणी, १०२ रस, म्हणजे बगॅस २८. ऊस ९८ लिहिला की बगॅस २६ वर येतं. बगॅसच्या नमुन्यात तंतू साडेसत्तेचाळीस टक्के धरले तर उसातल्या तंतूचं प्रमाण १३.३ वरून १२.६ वर घसरतं. त्याच दिवशी कोणी उसाचाच थेट नमुना घेऊन तंतू मोजला तर मेळ बसणार नाही.

आणि काटा सगळ्यांचा सारखा न मारता काहींचाच मारला तर? तेव्हा कारखान्याचा बॅलन्स काहीच बोलणार नाही, पैसे एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे जातील. आपल्याकडे प्रत्येकाच्या उसाचा उतारा वेगळा मोजत नाहीत, सरासरीवर पैसे देतात. म्हणून हे खोटं तुझं शास्त्र पकडू शकत नाही. ते फक्त प्रत्येकाची पावती पक्की असेल तर पकडता येतं. तुझ्या शास्त्राचा हात जिथे पोचत नाही, तिथून मित्राचं शास्त्र सुरू होतं. हे मी माझ्या हाताने मांडलं तेव्हा मला खरंच आनंद झाला, तुलाही व्हावा.

मित्राकडून तुला काय घ्यायचं ते आता सांगते. राल्फ मर्कल यांनी १९७९ च्या सुमारास मांडलेलं झाड तो दाखवेलच: प्रत्येक पावतीचा ठसा, दोन ठशांचा मिळून एक, असं करत दिवसाअखेर एकच शेवटचा ठसा. दिवसाला २,००० गाड्या झाल्या तरी तुझ्या वडिलांना आपली पावती त्यात आहे हे तपासायला जेमतेम ११ ठसे पुरतात, दुसऱ्या कोणाचं वजन बघावं लागत नाही. तो शेवटचा ठसा रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला तर दुसऱ्या दिवशी कोणालाही मागची पावती बदलता येणार नाही. हेबर आणि स्टोर्नेटा यांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर अशा वेळेच्या मोहोरा मारायची रीत मांडली आणि १९९५ पासून तो ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला छापला जाऊ लागला. म्हणून ब्लॉकचेन हवीच असं कोणी म्हणालं तर आधी विचार, गावातलं वर्तमानपत्र का पुरत नाही? त्या शब्दाने अनुदान मिळेल, पण तुझा प्रश्न त्यात हरवेल.

दुसरी गोष्ट पेडरसन यांच्या १९९१ च्या बंद पाकिटांची. आकडा पाकिटात घालून मोहोरबंद केला की घालणाऱ्याला बदलता येत नाही आणि बाहेरच्याला वाचता येत नाही. तरी दोन बंद पाकिटांची बेरीज न उघडता करता येते. म्हणजे ऊस, पाणी, रस, बगॅस चारही पाकिटं बंद ठेवून समीकरण तपासता येईल. मात्र पाकिटांचं गणित बरोब्बर शून्य मागतं आणि तुझा बॅलन्स शून्य कधीच देत नाही. तेव्हा "फरक अमुक मर्यादेत आहे" एवढंच सिद्ध करावं लागेल. त्याचीही साधनं तयार आहेत. पण ती मर्यादा किती? ते कोणतंही क्रिप्टोग्राफीचं पुस्तक सांगणार नाही. ती तुझ्या लोडसेलच्या (काट्यात वजन टिपणाऱ्या भागाच्या), फ्लोमीटरच्या, नमुना घेण्याच्या चुकांतून निघते. मित्राच्या गाइडना नवं गणित दिसत नाही, ते बरोबर आहे. नवं आहे ते या मर्यादेत, आणि ते तुझं आहे.

मर्यादेच्या आतही खाता येतं, हे विसरू नकोस. खरी मोजणीची चूक दोन्ही बाजूंना पडते. रोजचा फरक मर्यादेत, पण सलग २० दिवस तो शेतकऱ्याच्याच विरुद्ध, असं निव्वळ योगायोगाने व्हायची शक्यता १० लाखांत एक. रोजच्या फरकांची बेरीज करत जाऊन असा कल पकडायची पद्धत पेज यांनी १९५४ मध्ये दिली, तुला क्वालिटी कंट्रोलमध्ये शिकवली असेल. पण एका बाजूचा कल म्हणजे चोरीच असं लगेच लिहू नकोस. सरकलेला लोडसेलही तेच करतो. कारण काहीही असो, तूट कोणी सोसायची हा प्रश्न उरतोच आणि तो मामांना विचारायचा. हिशोबाच्या लोकांनीही हा प्रश्न ओळखला आहे. २०११ च्या आयएसओ १४०५१ मध्ये वाया गेलेल्या मालालाही खर्चाचं स्वतंत्र खातं दिलं आहे.

एका बाबतीत मी तुला बजावून सांगते. खोट्या वजनावर सही केली तर खोटं वजन पक्कं होतं, खरं होत नाही. गाडीचं एक चाक प्लॅटफॉर्मच्या कडेला टेकलं असेल तर जगातली सर्वोत्तम सही त्या आकड्याला वाचवू शकत नाही. म्हणून रोज सकाळी ओळखीच्या वजनांनी काटा तपासणं, वैधमापनवाल्यांचं सील जागेवर आहे का बघणं, गाडी पूर्ण उभी राहिली का बघणं, या गोष्टी तुझ्या प्रबंधात एकशेविसाव्या पानावर जाता कामा नयेत. आणि स्वतःचं कुलूप स्वतः घडवू नकोस. केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच सांगून ठेवलं की रीत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुपित फक्त किल्लीत असावं. ठसा काढायच्या एसएचए-२५६ सारखी जगाने घासूनपुसून तपासलेली साधनं घे आणि सगळी रीत उघडी लिही.

आता गाइडशी कसं बोलायचं. हट्ट धरू नकोस आणि गप्पही बसू नकोस. एक पान लिही. त्यात वरची गाठ एका वाक्यात, काटा-उताऱ्याचा हिशोब, आणि येत्या वर्षभरात काय करणार ते. "तीन शाखांचा संगम" असले शब्द त्या पानावर नकोत. पहिला निबंध निव्वळ केमिकल इंजिनिअरिंगचा असू दे: एका बाजूला झुकलेली चूक गिरणीच्या बॅलन्समध्ये किती दिवसांत दिसते. तो तुझ्या शाखेचे परीक्षक समजून घेतील आणि गाइडचा जीव भांड्यात पडेल. मित्राला दुसऱ्या निबंधात बरोबरीचा लेखक म्हणून घे. त्याचं काम आभाराच्या ओळीत टाकू नकोस. पुढच्या आरएसीच्या, म्हणजे संशोधन सल्लागार समितीच्या, बैठकीत सहमार्गदर्शकाची परवानगी माग. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तुला प्रवेशापासून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत. दुसऱ्या वर्षात विषय थोडा वळवायला हरकत नाही. चौथ्यात वळवलास तर मी गाइडच्या बाजूने बोलेन.

कॉमर्सच्या प्राध्यापकांवर रागावू नकोस. त्यांना तू "ताळेबंद आणि मटेरियल बॅलन्स एक आहे" असं सांगितलं असशील. त्याऐवजी एखाद्या कारखान्याच्या कॉस्टिंगवाल्यांजवळ महिनाभर बस, अननोन लॉसची किंमत ते कुठे दाखवतात ते बघ आणि तो कागद घेऊन परत जा.

वडील ज्या कारखान्याचे सभासद आहेत तिथला डेटा घेऊ नकोस. तुझा हेतू स्वच्छ असला तरी निष्कर्षावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि घरी जो ताण येईल तो वडिलांनी का सोसावा? दुसरा कारखाना शोध आणि वडील ऊस लावतात हे प्रबंधाच्या सुरुवातीलाच लिहून टाक. परवानगी मागायला जाशील तेव्हा चेअरमन-एमडींना तुझ्यात चोर पकडायला आलेला पोरगा दिसता कामा नये. काटा खरा असलेल्या कारखान्याला ते सिद्ध करून दाखवायला आज कुठलीच सोय नाही, आणि त्यांच्यावरही तोच संशय घेतला जातो. तू ती सोय करायला आला आहेस. हे खरंही आहे.

आईला सांग, नोकरी आहे. युरोपात बाहेरून पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम, खत मागवणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून त्या मालामागे किती कार्बन सुटला ते कळवावं लागतं, तो आकडा त्यांना माल पाठवणाऱ्या कारखान्याकडून हवा असतो, आणि जानेवारी २०२६ पासूनच्या मालावर त्यांना पैसेही मोजावे लागणार आहेत. आकडा खरा हवा, पण कारखान्याची प्रक्रिया गिऱ्हाइकाला उघडी करायची नाही. प्लांटचा बॅलन्स ज्याला कळतो, खातं ज्याला वाचता येतं आणि बंद पाकिटाचं गणित ज्याने हाताळलंय, असा माणूस या कारखान्यांना लागणारच आहे.

हंगाम सुरू झाला की एक रात्र केनयार्डात काढ. गाड्यांची रांग, गारठा, काट्याच्या खिडकीतून येणारी पावती, ती न बघता खिशात कोंबणारा ड्रायव्हर, हे सगळं बघितल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहू नकोस. आणि या रविवारी घरी जाशील तेव्हा वडिलांच्या जुन्या वजनपावत्या कुठे आहेत ते विचार. थर्मल कागदाच्या असतील तर शाई उडत चालली असेल. आधी त्यांचे फोटो काढून ठेव.

तुझी,
मॅडम